रोगप्रतिकारशास्त्रीय नियतकालिकातील संशोधनप्रवाह आणि उद्धरणप्रभाव : एक विवेचन

गोषवारा :

संशोधनपर नियतकालिकांचे मूल्य ठरविण्यासाठी उद्धरणांची मोजणी ही पद्धत गेल्या सहा दशकांत जगभर रूढ झाली. भारतातील महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवडीशी व पदोन्नतीशीही ती जोडली गेली. मात्र या मोजणीतील अंक कसा तयार होतो, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याविषयीचे आकलन बहुधा अपुरे राहिले आहे. प्रस्तुत लेखात रोगप्रतिकारशास्त्र या विषयातील नियतकालिकांच्या आधारे, विशेषतः 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी' या जुन्या नियतकालिकाच्या आधारे, संशोधनप्रवाह व उद्धरणप्रभाव या दोन संकल्पनांचे विवेचन केले असून त्यास मुंबई, नागपूर व पुणे येथील संशोधनाच्या उदाहरणांची जोड दिली आहे.

बीजसंज्ञा : ग्रंथमिती, उद्धरण विश्लेषण, इम्पॅक्ट फॅक्टर, रोगप्रतिकारशास्त्र, समीक्षित नियतकालिके.

प्रस्तावना :

ज्ञानाची निर्मिती ही एकट्याने होणारी प्रक्रिया नाही. प्रत्येक संशोधक पूर्वसूरींच्या कार्यावर उभा राहून आपले प्रतिपादन करतो आणि ज्यांच्या कार्याचा आधार घेतला त्यांचा उल्लेख लेखाच्या शेवटी करतो. या उल्लेखास 'उद्धरण' असे म्हटले जाते. उद्धरण हे मुळात वैचारिक ऋण मान्य करण्याचे साधन होय. या ऋणांची पद्धतशीर मोजणी केल्यास कोणता लेख वाचला गेला, कोणत्या नियतकालिकाचा उपयोग झाला आणि एखाद्या विषयातील संशोधन कोणत्या दिशेने वळले याचा मागोवा घेता येतो. ग्रंथालयशास्त्राच्या या शाखेस 'ग्रंथमिती' अशी संज्ञा आहे. इंग्रजीतील तिचा प्रतिशब्द ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये रूढ केला. परंतु त्यापूर्वीच १९४८ मध्ये डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयीन कार्यास सांख्यिकीय पद्धती लावण्याची कल्पना 'लायब्रमेट्री' या नावाने मांडली होती.

यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा येथील किंवा तत्सम ग्रामीण व निमशहरी भागातील महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आपला लेख कोठे पाठवावा, कोणत्या नियतकालिकाची वर्गणी भरावी, विद्यार्थ्यास कोणता लेख वाचावयास द्यावा आणि सहकाऱ्याच्या संशोधनाचे मूल्यमापन कसे करावे, या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी उद्धरणप्रभावाचा प्रश्न उभा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'यूजीसी-केअर' ही नियतकालिकांची सूची बंद करण्याचा निर्णय जाहीर केला व नियतकालिकाची गुणवत्ता पारखण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांकडे सोपविली. त्यामुळे हे आकलन आता प्रत्येक महाविद्यालयाची गरज बनले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) उद्धरणप्रभाव मोजण्याच्या प्रमुख पद्धतींचा परिचय करून देणे.
२) रोगप्रतिकारशास्त्रातील एका नियतकालिकाच्या आधारे संशोधनप्रवाहातील बदल स्पष्ट करणे.
३) इम्पॅक्ट फॅक्टरच्या मर्यादा प्रत्यक्ष उदाहरणांद्वारे दाखविणे.
४) महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट करणे.

उद्धरण विश्लेषणाचा उदय :

अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात लेख लिहून विज्ञानासाठी उद्धरणांची सूची तयार करण्याची कल्पना मांडली. पुढे त्यांच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन' या संस्थेने १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. जगातील सर्व नियतकालिके या सूचीत घेणे अशक्य होते. म्हणून कोणती घ्यावीत हे ठरविण्यासाठी गारफिल्ड व आयर्विंग शेर यांनी इम्पॅक्ट फॅक्टर हे परिमाण योजिले. १९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'द्वारे हे अंक प्रसिद्ध होऊ लागले. ही व्यवस्था पुढे थॉमसन कंपनीकडे गेली आणि २०१६ पासून ती क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. २००४ मध्ये एल्सेव्हियरचे 'स्कोपस' व 'गुगल स्कॉलर' ही दोन नवी साधने उपलब्ध झाली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. इम्पॅक्ट फॅक्टरची निर्मिती सूचीकाराच्या सोयीसाठी झाली. ग्रंथपालास वर्गणीचा निर्णय घेताना त्याचा उपयोग झाला. एखाद्या व्यक्तीच्या संशोधनाची प्रत ठरविणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता.

इम्पॅक्ट फॅक्टरची गणना :

एखाद्या नियतकालिकाने लगतच्या मागील दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या साहित्यास चालू वर्षी मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील मूळ संशोधनलेख व समीक्षालेख यांची संख्या, असे हे साधे सूत्र आहे. उदाहरणार्थ, एखाद्या काल्पनिक नियतकालिकाने २०२२ मध्ये १२० व २०२३ मध्ये १३० असे एकूण २५० लेख प्रसिद्ध केले आणि त्या दोन वर्षांतील साहित्यास २०२४ मध्ये ५०० उद्धरणे मिळाली, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २ इतका होईल.

सूत्र साधे असले तरी त्यात काही गुंतागुंत आहे. अंशामध्ये संपादकीय, पत्रव्यवहार इत्यादींना मिळालेली उद्धरणेही येतात. छेदामध्ये मात्र हे साहित्य मोजले जात नाही. दुसरे असे की हा अंक सरासरी आहे. दहा लेखांपैकी एका लेखास ९१ आणि उर्वरित नऊ लेखांना प्रत्येकी १ उद्धरण मिळाले, तर सरासरी १० येते. मात्र मध्यक १ असतो. म्हणजेच दहापैकी नऊ लेखांच्या बाबतीत सरासरीचा अंक दिशाभूल करतो. उद्धरणांचे वितरण बहुतेक सर्व नियतकालिकांत याच प्रकारे विषम असते. प्रदीर्घ काळ हा अंक तीन दशांश स्थळांपर्यंत छापला जात असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जाऊ लागला. अतिसूक्ष्म फरकांना दिलेले अवाजवी महत्त्व कमी करण्याच्या दृष्टीने हा बदल उचितच होता.

इम्पॅक्ट फॅक्टरव्यतिरिक्त अन्य परिमाणेही प्रचलित आहेत. जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्या संशोधकाच्या १० लेखांना प्रत्येकी किमान १० उद्धरणे मिळाली आहेत, परंतु ११ लेखांना प्रत्येकी ११ मिळालेली नाहीत, त्याचा एच-निर्देशांक १० होय. नियतकालिकातील लेख किती काळ उपयोगात राहतात हे पाहण्यासाठी 'उद्धरण अर्धायुष्य' मोजले जाते. बहुलेखकत्वाचे प्रमाण काढण्यासाठी के. सुब्रमण्यम यांनी १९८३ मध्ये दिलेले सूत्र भारतीय अभ्यासांत विशेष प्रचलित आहे. त्यात बहुलेखकी लेखांची संख्या एकूण लेखसंख्येने भागली जाते.

'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी' : संशोधनप्रवाहांचा आलेख :

शरीर बाह्य जंतूंचा प्रतिकार कसे करते आणि स्वतःच्या पेशींवर आघात करण्याचे कसे टाळते, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र होय. या विषयास वाहिलेल्या नियतकालिकांत 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी' हे अत्यंत जुने मानले जाते. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन असोसिएशन ऑफ इम्युनॉलॉजिस्ट्स' या संघटनेने १९१६ मध्ये ते सुरू केले. आर्थर कोका यांनी तीन दशकांहून अधिक काळ त्याचे संपादन केले. शंभर वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेले नियतकालिक हे त्या विषयाच्या वाटचालीची नोंदवहीच ठरते.

या वाटचालीचे स्थूलमानाने चार टप्पे करता येतात. पहिल्या टप्प्यात रक्तरसाचा अभ्यास केंद्रस्थानी होता. उपदंशाच्या निदानाची रक्तपरीक्षा, जिवाणूंची विषे, प्रतिरस आणि तीव्र अतिसंवेदनशीलता हे विषय त्या काळातील लेखनात प्रामुख्याने आढळतात. दुसऱ्या टप्प्यात लक्ष रक्तरसाकडून पेशीकडे वळले. १९६० च्या दशकात थायमस ग्रंथीचे कार्य उलगडले, टी व बी या दोन प्रकारच्या लसिकापेशींमधील भेद स्पष्ट झाला आणि नियतकालिकांची परिभाषाच पालटली. तिसऱ्या टप्प्यास १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाईन यांनी शोधलेल्या एककृंतक प्रतिपिंडांच्या तंत्राने गती दिली. पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा ओळखता येऊ लागल्या व पेशींचे उपप्रकार वेगळे करणे शक्य झाले. याच काळात, १९८६ मध्ये, मॉसमन, कॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतील साहाय्यक टी पेशींचे दोन प्रकार असल्याचे 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त दाखवून दिले. या नियतकालिकातील सर्वाधिक उद्धृत लेखांत त्याची गणना होते. चौथा टप्पा रेणवीय व जनुकीय अभ्यासाचा असून त्यात प्रतिकारशक्तीचे नियमन, कर्करोगावरील प्रतिकारोपचार आणि संगणकीय विश्लेषण यांना प्राधान्य मिळाले आहे.

असा आलेख काढण्यासाठी लेखांतील बीजसंज्ञांचा उपयोग केला जातो. कोणत्या दोन संज्ञा वारंवार एकत्र येतात हे पाहिले असता विषयांचे समूह दिसू लागतात व कालानुक्रमे त्यांची वाढ वा घट मोजता येते. मात्र संज्ञांमधील बदल म्हणजे नेहमीच विषयातील बदल नव्हे, याचे भान ठेवणे अगत्याचे असते. आज ज्यास 'इंटरल्युकिन' म्हटले जाते, त्या वर्गातील पदार्थ पूर्वी अनेक वेगवेगळ्या नावांनी ओळखले जात. नामकरण एकत्र झाले म्हणून संशोधन त्या दिवशी सुरू झाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

दोन वर्षांची खिडकी आणि तीस वर्षांचे फळ :

उद्धरणप्रभावाच्या मर्यादा समजून घेण्यासाठी याच नियतकालिकातील एक उदाहरण उद्बोधक आहे. जपानमधील शिमोन साकागुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त एक लेख प्रसिद्ध केला. शरीराच्या स्वतःच्याच ऊतींवर होणारा हल्ला रोखणाऱ्या टी पेशींचा एक स्वतंत्र वर्ग असून तो सीडी२५ या खुणेने ओळखता येतो, असे त्यात प्रतिपादन होते. त्यापूर्वीच्या काळात 'दमनकारी पेशी' ही कल्पना बदनाम झाली होती आणि अनेक अभ्यासकांनी ती सोडून दिली होती. अशा वातावरणात हे संशोधन चिकाटीने पुढे नेले गेले. पुढे मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्या जनुकीय संशोधनाची त्यास जोड मिळाली आणि २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार या तिघांना देण्यात आला.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या सूत्रानुसार १९९५ च्या लेखाची उद्धरणे केवळ १९९६ व १९९७ या दोन वर्षांच्या अंकांत मोजली गेली. त्यानंतर या लेखास मिळालेल्या सहस्रावधी उद्धरणांचा नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर काहीही परिणाम झाला नाही. २००० च्या सुमारास ६ ते ७ च्या दरम्यान असलेला या नियतकालिकाचा अंक २०२३ मध्ये ४ च्या खाली आला होता. केवळ या उताराकडे पाहणाऱ्यास हे नियतकालिक निस्तेज झाल्याचे वाटेल. परंतु त्याच्या जुन्या पानांतून नोबेल पुरस्कारापर्यंत पोहोचलेले संशोधन उभे राहिले, ही गोष्ट त्या अंकात कोठेही दिसत नाही.

दुसरे उदाहरण 'इम्युनिटी' या नियतकालिकातील आहे. काटालिन कारिको व ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये आरएनएच्या घटकांत विशिष्ट बदल केल्यास शरीराची दाहक प्रतिक्रिया टाळता येते, असे त्यात दाखवून दिले. त्यावेळी या लेखाकडे फारसे लक्ष गेले नाही. २०२० च्या अखेरीस याच तत्त्वावरील कोविड लसी वापरात आल्या आणि २०२३ मध्ये या दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. दोन वर्षांच्या मोजपट्टीत, म्हणजे २००६ व २००७ मध्ये, या लेखाचे खरे मोल उमटणे शक्यच नव्हते.

विषयानुसार पडणारा फरक :

रोगप्रतिकारशास्त्रातील नियतकालिकांचे अंक इतर अनेक विषयांच्या तुलनेत चढे असतात. त्याची कारणे गुणवत्तेपेक्षा विषयाच्या रचनेत अधिक आहेत. या क्षेत्रात संशोधकांची संख्या मोठी आहे, प्रत्येक लेखात उद्धरणे पुष्कळ दिली जातात, ज्ञान वेगाने बदलत असल्याने ताज्या लेखांचाच आधार घेतला जातो आणि वैद्यक, जीवरसायन, कर्करोगशास्त्र अशा शेजारच्या विषयांतूनही उद्धरणे येतात. याउलट गणितात उद्धरणे मोजकी असतात व दशकापूर्वीचा लेखही ताजाच मानला जातो. मराठी साहित्य, इतिहास किंवा समाजशास्त्र या विषयांत तर ज्ञानाचे मुख्य वाहन ग्रंथ हे आहे आणि ग्रंथांतील उद्धरणे या सूचींत अत्यल्प प्रमाणात येतात.

एकाच विषयातही नियतकालिकाच्या प्रकारानुसार मोठा फरक पडतो. 'ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ इम्युनॉलॉजी' हे वर्षातून एकदा मोजके समीक्षालेख प्रसिद्ध करते. समीक्षालेख अधिक उद्धृत होतात व लेखसंख्या अल्प असल्याने छेद लहान राहतो. परिणामी २००० नंतरच्या काही वर्षांत त्याचा अंक ५० च्या घरात पोहोचला होता. याचा अर्थ ते 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'पेक्षा सात-आठ पटींनी श्रेष्ठ आहे असा नव्हे. दोहोंचे कार्यच भिन्न आहे.

बाह्य घटनांचाही परिणाम होतो. कोविड महासाथीच्या काळात संबंधित लेखांवर उद्धरणांचा अक्षरशः वर्षाव झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २०१९ मध्ये सुमारे ६० होता; तो २०२१ मध्ये २०२ च्या पुढे गेला आणि २०२३ मध्ये १०० च्या खाली उतरला. 'फ्रंटियर्स इन इम्युनॉलॉजी' या मुक्त नियतकालिकाचा अंकही २०२१ मध्ये ८ च्या वर होता व २०२३ मध्ये ६ च्या खाली आला. संपादनाची पद्धत दोन वर्षांत एवढी बदलत नाही. बदलतो तो विषयाकडे असलेला जगाचा ओढा.

महाराष्ट्रातील संशोधन आणि उद्धरणांची मर्यादा :

मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया व त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. ए, बी व ओ या गटांचा पाया असलेला एच हा घटकच ज्यांच्या रक्तपेशींवर नाही, अशा व्यक्तींचा हा गट जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. अशा व्यक्तीस ओ गटाचे रक्तही चालत नाही. तिला केवळ त्याच दुर्मीळ गटाचे रक्त द्यावे लागते. आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत या गटाचे वर्णन येते, रक्तपेढ्यांत त्याची तपासणी होते. परंतु तसे करताना १९५२ च्या लेखाचा उल्लेख दर वेळी केला जात नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे मार्मिक विवेचन केले आहे. शोध इतका सर्वमान्य होतो की मूळ लेखाचे नाव घेण्याची गरजच उरत नाही. येथे उद्धरणांची घट ही अपयशाची नव्हे, तर परिपूर्ण यशाची खूण ठरते.

विदर्भातील उदाहरणही लक्षणीय आहे. डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेल या रक्तदोषाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. हा विषय काटेकोरपणे रोगप्रतिकारशास्त्राचा नसून रक्तशास्त्राचा आहे. तथापि त्यातून निघणारा बोध येथेही लागू पडतो. विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांना पिढ्यान्‌पिढ्या सोसाव्या लागणाऱ्या व्याधीचा अभ्यास करणारे संशोधक जगात संख्येने थोडे आहेत. म्हणून अशा लेखांना मिळणारी उद्धरणेही थोडी असतात. परंतु त्या लेखांवर आधारित तपासणी व समुपदेशन ज्या कुटुंबांपर्यंत पोहोचते, त्यांच्या दृष्टीने त्याचे मोल कोणत्याही अंकाहून अधिक आहे.

तिसरे उदाहरण नियतकालिकाचेच आहे. मुंबईतील सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व केईएम रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाच्या संस्थेतर्फे १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे त्रैमासिक प्रसिद्ध होते. एका महाविद्यालयाच्या अध्यापकांनी चालविलेले हे नियतकालिक २००० च्या दशकाच्या प्रारंभी संपूर्ण मजकुरासह सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले. डी. के. साहू, नित्या गोगटे व संदीप बावडेकर यांनी या बदलाचा अभ्यास करून २००५ मध्ये शिकागो येथील समीक्षणविषयक परिषदेत निष्कर्ष मांडले. मुक्त उपलब्धतेनंतर लेखांना मिळणारी उद्धरणे वाढली आणि प्रसिद्धी व पहिले उद्धरण यांतील कालावधी कमी झाला, असे त्यांत दिसून आले. लेखनाची गुणवत्ता कायम असतानाही केवळ वाचकापर्यंत पोहोचण्याच्या मार्गामुळे उद्धरणांत फरक पडतो, हे यातून स्पष्ट होते. महाविद्यालयीन नियतकालिकांच्या संपादकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

माहिती संकलनातील अडचणी :

उद्धरण विश्लेषण करू इच्छिणाऱ्या अभ्यासकास महाराष्ट्राच्या संदर्भात काही खास अडचणी येतात. पहिली अडचण नावांची. केवळ 'एस. पाटील' किंवा 'आर. देशमुख' असा शोध घेतल्यास अनेक भिन्न व्यक्तींचे लेख एकत्र येतात. विवाहानंतर आडनाव बदलल्याने एकाच लेखिकेचे कार्य दोन नावांत विभागले जाते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' हा विनामूल्य ओळखक्रमांक उपलब्ध आहे. दुसरी अडचण स्थळांची व संस्थांची. बॉम्बे व मुंबई, पूना व पुणे हे एकच होत, हे संगणक आपोआप जाणत नाही. पुण्यात १९५२ मध्ये सुरू झालेले 'व्हायरस रिसर्च सेंटर' १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था बनले. मुंबईत १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून उभी राहिलेली संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. अमरावती विद्यापीठाच्या नावातही संत गाडगे बाबांचे नाव नंतर समाविष्ट झाले. ही सर्व रूपे हाताने एकत्र केली नाहीत, तर संस्थेचे योगदान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

तिसरी अडचण साधनांची आहे. 'वेब ऑफ सायन्स' व 'स्कोपस' यांची वर्गणी बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर असते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना २०२५ पासून सुरू झाली. परंतु ती केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांसाठी आखलेली आहे. तथापि 'पबमेड', 'गुगल स्कॉलर' तसेच 'व्हीओएसव्ह्यूअर'सारखी विनामूल्य संगणकप्रणाली यांच्या साहाय्याने मर्यादित स्वरूपाचा अभ्यास जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही करता येतो. मात्र 'गुगल स्कॉलर'मध्ये साहित्याची निवड चाळणी न लावता होते, हे अशा अभ्यासात नमूद करणे आवश्यक असते.

प्राध्यापकांच्या दृष्टीने महत्त्व :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे संशोधनास गुण देण्याची पद्धत आणली. २०१८ च्या विनियमांत इम्पॅक्ट फॅक्टरनुसार गुणवाढीची तरतूद होती : इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या समीक्षित नियतकालिकातील लेखास ५, तो १ हून कमी असल्यास १०, १ ते २ दरम्यान १५, २ ते ५ दरम्यान २०, ५ ते १० दरम्यान २५ आणि १० हून अधिक असल्यास ३० गुण. वर केलेल्या विवेचनाच्या प्रकाशात या तरतुदीकडे पाहिल्यास तिच्यातील विसंगती लक्षात येते. रोगप्रतिकारशास्त्रातील सामान्य लेखास सहज मिळणारी गुणवाढ गणितातील उत्तम लेखास मिळत नाही, आणि मराठी वा इतिहास विषयाच्या प्राध्यापकास तर ती जवळजवळ अप्राप्यच ठरते. या पद्धतीत बदल सुचविणारा मसुदा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

अंकांच्या सक्तीतून दुसरी गंभीर समस्या उद्भवली. शुल्क घेऊन समीक्षणाविना लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. 'इम्पॅक्ट फॅक्टर' या नावाशी साधर्म्य असलेले बनावट अंक विकणाऱ्या संस्थाही उदयास आल्या. पुण्यातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आयोगाच्या तत्कालीन मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या व अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निम्न दर्जाची असू शकतात, असे आढळले. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. या यादीवर विसंबून प्रामाणिकपणे लेख पाठविणाऱ्या अनेक प्राध्यापकांच्या श्रमांवर त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले. दोष त्यांच्या संशोधनाचा नव्हता. नियतकालिक पारखण्याची दृष्टी व्यवस्थेने त्यांना दिली नव्हती.

निष्कर्ष :

१) इम्पॅक्ट फॅक्टर हे नियतकालिकाचे परिमाण आहे, एखाद्या लेखाचे वा व्यक्तीचे नव्हे. २०१२ मधील सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने व २०१५ मधील लायडेन जाहीरनाम्याने मूल्यमापनातील अशा गैरवापराविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.
२) भिन्न विषयांतील नियतकालिकांची तुलना थेट अंकांवरून करणे अशास्त्रीय होय. एकाच विषयातही मूळ संशोधन व समीक्षालेख यांत भेद करावा.
३) दोन वर्षांच्या कालमर्यादेत मूलभूत संशोधनाचे मोल बहुधा दिसत नाही, १९९५ व २००५ मधील उदाहरणे त्याची साक्ष देतात.
४) संशोधनप्रवाहांचा अभ्यास करताना बदललेल्या संज्ञा, व्यक्तिनामे व संस्थानामे यांचे एकीकरण अनिवार्य आहे.
५) स्थानिक प्रश्नांवरील संशोधनास उद्धरणे कमी मिळतात, म्हणून त्याचे सामाजिक मूल्य कमी ठरत नाही.
६) मुक्त उपलब्धतेमुळे लहान नियतकालिकांचाही प्रभाव वाढू शकतो.

समारोप :

सूची रद्द झाल्यानंतर महाविद्यालयांपुढे दोन मार्ग आहेत. एक, दुसऱ्या एखाद्या अंकाच्या आधारे निर्णय घेऊन मोकळे होणे. दुसरा, संपादक मंडळ प्रत्यक्षात कार्यरत आहे काय, समीक्षण कसे होते, शुल्क उघडपणे सांगितले आहे काय आणि मागील अंकांतील लेख खरोखर वाचनीय आहेत काय, हे स्वतः तपासणे. दुसरा मार्ग कष्टाचा आहे. परंतु त्यात प्राध्यापकाच्या विवेकास स्थान आहे. त्यासाठी महाविद्यालयांनी विषयवार छोट्या समित्या नेमाव्यात, ग्रंथपालास त्यांत सदस्य म्हणून घ्यावे आणि पदोन्नतीच्या वेळी लेखांची संख्या मोजण्याऐवजी निवडक लेख समितीने वाचावेत, अशी शिफारस करता येईल. उद्धरणांची संख्या वाचनाची दिशा दाखवू शकते. प्रत्यक्ष वाचनाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.